झाओनीची पाठवणी

त्या साली हिवाळा कोरडाच गेला. बर्फ पडला नाही, आणि वसंत लागला तसा पिवळ्या मातीचा वारा सुटला. शीगोउच्या उतारावरची शेतं पायाखाली पिठासारखी दबत होती. राळं पेरायचं म्हटलं तर ओल वीतभर खाली गेलेली. रुनशंग आणि काइलान, दोघं नवराबायको, उजाडल्यापासून घळीतल्या झऱ्याचं पाणी कावडीनं वर आणत होते आणि बटाट्याच्या एकेका खड्ड्यात वाडग्यानं ओतत होते. वाडगंभर पाणी पडायचं, माती एकदा काळी व्हायची आणि पुढच्या खड्ड्याशी पोचेपर्यंत पुन्हा पिवळी पडायची.

काइलान पन्नाशीला आलेली. तिच्या नावातल्या 'काइ'चा अर्थ बदल. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं ठेवलेलं, नकोशीच्या जातीतलं नाव. तिला स्वतःला एकच मूल झालं. तीही मुलगी, पण ती तिला हवी होती. बोरं लाल व्हायच्या दिवसांत झाली म्हणून नाव झाओनी, बोराची पोर. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. वरच्या पट्टीच्या कोपऱ्यात, बांधाच्या आडोशाला तिचा मातीचा उंचवटा होता.

दुपारी कावड खाली ठेवून काइलान खांदा चोळत होती तेव्हा पुतण्या एरबाओ बांधावरून उतरून आला. थोरल्या दिरांचा मुलगा. हातात विळा होता, पण कापायला शेतात काहीच नव्हतं.

"काकी, जरा बोलायचं होतं."

"बोल की. बोलायला पाणी लागत नाही."

"हिवाळ्यात गावानं जमिनीच्या चिठ्ठ्या काढल्या त्यात वरची पट्टी मला आली. मला तिथं अक्रोड लावायचेत. रोपं सांगून ठेवलीत."

"लाव. मी कुठं अडवलंय?"

"तो कोपरा..." एरबाओ विळ्याच्या टोकानं माती उकरत राहिला. "झाडाची मुळं तिथं गेली म्हणजे काय होईल, तुम्हीच सांगा. शिवाय माझ्या बायकोला दिवस गेलेत. ती त्या बांधावरनं जायला भिते."

"झाओनीला भिते?" काइलाननं खांद्यावरचा हात खाली घेतला. "तुमच्या लग्नातल्या बुटांचे तळवे कुणी भरले होते रे? बदकांची जोडी काढलेले?"

"झाओनीनंच."

"मग?"

एरबाओच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रुनशंग कावडीपाशी तसाच वाकून उभा होता.

"छिंगमिंगला बारा दिवस राहिलेत," एरबाओ म्हणाला. "एकदा सण गेला की वर्षभर थडग्याला हात लावता येत नाही. मी काय, मी म्हणत नाही आजच काढा. पण सणाच्या दिवशी तरी." आणि तो आला तसा बांध चढून गेला.

संध्याकाळ व्हायच्या आत काइलान दिरांकडं गेली. थोरले दीर अंगणात बाकावर बसून छिंगमिंगची, पितरांच्या सणाची, तयारी करत होते. पिवळ्या कागदाच्या गठ्ठ्यावर जुनं तांब्याचं नाणं ठेवायचं, वरून लाकडी हातोडा मारायचा, की खालपर्यंत नाण्याचा ठसा उमटायचा. हाच पूर्वजांचा पैसा. थडग्यांची माती सावरायची आणि मग हा जाळायचा. ठोकणं थांबवलं नाही त्यांनी. काइलान उभी राहिली. बस कुणी म्हटलं नाही.

"भावजी, आपल्या पूर्वजांच्या माळावर अगदी खालच्या कडेला, सरूच्या झाडाशी, हातभर जागा द्या. सासूबाईंच्या पायाशी."

ठक्. "पायाशी कोण असतं? सून असते. नातसून असते. मुलगी असते का?"

"ती कुठल्या परक्या घरी गेलीच नाही, भावजी. माझ्याच घरात होती."

"तेच तर म्हणतो. ना इकडची, ना तिकडची." ठक्. "लग्नाआधी गेलेली पोर वंशाच्या माळावर ठेवली आणि उद्या एरबाओच्या घरात काही वाकडं झालं, तर लोक कुणाला विचारतील? मला."

काइलान गुडघ्यांवर बसली. अंगणातल्या खड्यांवर तिनं कपाळ टेकलं. आतल्या दाराचा पडदा हलला. सून बघत होती.

"उठ. उठ आधी. हे काय चालवलंयस?" दीर घाईघाईनं उठले. त्यांनी ठसे मारलेल्या कागदांतला अर्धा गठ्ठा उचलून तिच्या हातात कोंबला. "हे घे. जाळ तिच्यासाठी. मी काय तिचा वैरी नाही."

थोरल्यांनी धाकट्यांसाठी कागद जाळायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं आणि तिलाही. झाओनीला धाकटं असं कुणीच नव्हतं. तीन वर्षं काइलान त्या उंचवट्यावर फक्त माती घालत आली होती. कागद छातीशी धरून ती गावातून घरी गेली. वाटेत दोन बायकांनी विचारलं, एवढा लवकर घेतलास का गं कागद? ती हो म्हणाली.

दोन दिवसांनी हू मावशी आली. आसपासच्या नऊ गावांत लग्नं जमवणारी बाई. उतार चढून आल्यानं तिला धाप लागली होती. डोंगरात खोदलेल्या त्या एका खोलीच्या घरात येऊन ती थेट चुलीच्या उबेवरच्या मातीच्या ओट्यावर चढून बसली, बूट काढले आणि गरम पाणी मागितलं.

"रुनशंगनं निरोप धाडला म्हणून आले," ती म्हणाली.

काइलाननं नवऱ्याकडं पाहिलं. तो दाराशी बसून फावड्याच्या दांड्याला पाचर ठोकत होता.

"डोंगरापल्याड, लियांगपोला, लियूंचं घर आहे," हू मावशी सांगू लागली. "थोरला मुलगा मानतुन. कोळशाच्या खाणीत गेला, चार वर्षं झाली. तेवीस वर्षांचा. एकटाच पुरलाय. घरचे त्याच्यासाठी मुलगी शोधतायत, पण चांगल्या घरातली. धाकटा भाऊ आहे, त्याला दोन मुलगे. त्यातला एक मानतुनच्या नावानं लावलाय. म्हणजे तुझ्या पोरीला नवरा मिळतो, मुलगा मिळतो, सासर मिळतं. दर छिंगमिंगला माती, कागद, सगळं."

"माझी पोर मेलीय, मावशी."

"म्हणून तर. हे बघ, मी जिवंतांची तेवीस लग्नं जमवली, मेलेल्यांची चार. जिवंतांपैकी निम्मी माझ्या नावानं बोटं मोडतात. मेलेल्यांचं एकही जोडपं अजून भांडून परत आलं नाही. आणि ते लोक हात मोकळा सोडून देणारेत हो, तुम्ही नुसता आकडा..."

काइलाननं पाण्याचं वाडगं तिच्या हातातून काढून घेतलं आणि दाराबाहेर ओतून दिलं.

"बूट घाला, मावशी."

हू मावशीनं राग मानला नाही. तिच्या धंद्यात हे नेहमीचंच होतं. बूट घालताना ती एवढंच म्हणाली, "आई आहेस. ओरडशीलच. सण होईपर्यंत मी घरीच आहे."

ती गेल्यावर बराच वेळ फक्त पाचरीचा आवाज येत राहिला.

"विकायला काढलीस तिला?" काइलान म्हणाली.

रुनशंगनं हातोडी खाली ठेवली. "एक पैसा घेणार नाही. पण सांग मला, आपण अजून दहा वर्षं. फार तर पंधरा. पुढं? आपल्याला माळावर नेतील, एरबाओ आपल्यावर माती घालेल, तेवढा तो चांगला आहे. हिच्यावर कोण घालेल? पावसानं ढीग बसून जाईल. इथं कुणी होतं, हेही कुणाला कळायचं नाही."

एवढं सलग तो तीन वर्षांत बोलला नव्हता.

काइलान वळून भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. पोर गेली त्या वर्षीही बटाटेच होते. काढणी चालू होती, आभाळ भरून आलं होतं, आणि झाओनी सरीत बसली. आई, पोटात दुखतंय. काइलाननं आल्याचं पाणी दिलं, पोट चोळून दिलं, म्हणाली, एवढी ओळ होऊ दे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पोरीला उभं राहता येईना. शेजाऱ्यांच्या खेचरगाडीत घालून तालुक्याला नेताना चिखलात चाक रुतलं. रुनशंग चाकाला खांदा लावत होता आणि काइलाननं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. चाक निघालं तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वीस वर्षांची पोर. 'उद्या बघू' हे शब्द रुनशंगनंही ऐकले होते. त्यानं ते कधीच उकरून काढले नाहीत. काढले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

मावशी येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी ती एकटीच उठून डोंगर चढली. नवऱ्याला म्हणाली, बटाट्याचं बी कमी पडलंय, बघून येते. चढताना गुडघे दुखत होते. वारा समोरून येत होता, दाताखाली वाळू करकरत होती. लियांगपोत तिनं लियूंचं घर विचारलं. अंगणात एक ठेंगणी बाई राळं पाखडत होती. केस पांढरे, पण चेहरा काइलानच्याच वयाचा.

"बटाट्याचं बी मिळेल का?"

बाईनं सूप थांबवलं. तिनं काइलानचे हात पाहिले, बूट पाहिले, डोक्याला बांधलेला रुमाल पाहिला.

"बी न्यायला रिकाम्या हातानं येतं का कुणी? पोतं कुठंय?"

काइलान डोक्याचा रुमाल सोडू लागली.

"या," ती बाई म्हणाली. "मी फंगशियन. मानतुनची आई. या, घर बघा."

आणि खऱ्या सोयरिकीत दाखवावं तसं तिनं घर दाखवलं. पाण्याचा रांजण, धान्याची कोठी, डुकराचा गोठा, शिरक्याचा माठ. मग पेटी उघडून लाल रजई काढली. टाके बारीक, सरळ. "तो गेला त्या हिवाळ्यात शिवली. वेड लागलंय म्हणाले लोक. म्हटलं, लागू दे."

दोघी ओट्यावर बसल्या. फंगशियननं फोटो दिला. रुंद कपाळाचा, कान बाहेर आलेला मुलगा. फोटो काढायचा म्हणून श्वास धरून उभा.

"दारू?" काइलाननं विचारलं. विचारलं आणि तिलाच नवल वाटलं.

"सणावारी तेवढी. खोटं सांगत नाही, रागीट आहे. पण लगेच निवतो. मग मागनं येऊन पाणी भरून ठेवतो, गुपचूप."

"माझी हट्टी आहे."

"असू दे. घरात एक तरी हट्टी माणूस लागतंच."

"थंडी सोसत नाही तिला. पाय गार पडतात."

"जागा दक्षिणेकडं तोंड करून आहे. दिवसभर ऊन असतं. चला, दाखवते."

जागा खरंच उन्हाची होती. मातीचा उंचवटा एका बाजूला सरकून घातलेला, शेजारी एकाला पुरेल एवढी मोकळी जमीन. तिथंच उभं राहून काइलान म्हणाली, "पैसा नको. घेतला तर मी बाजार मांडल्यासारखं होईल. एकच मागते. दगडावर तिचं पूर्ण नाव घाला. आमच्या सासूबाईंच्या दगडावर नुसतं माहेरचं, 'झांग घराण्याची मुलगी' एवढंच लिहिलंय. त्यांचं नाव काय होतं, ते मला आजवर कळलं नाही. तसं नको. वू झाओनी. वाचता येईल असं."

फंगशियननं मोकळ्या जागेतला खडा उचलून बाजूला टाकला. "माझं स्वतःचं घालणार नाहीत. पण तिचं घालून घेईन. घालेपर्यंत चूल पेटवणार नाही मी."

परत निघताना फंगशियननं तिच्या रुमालात बटाट्याचं बी बांधून दिलं. रिकाम्या हातानं घरी गेलीस तर नवरा विचारेल, म्हणाली.

सणाच्या आदल्या दिवशी चूल पेटवायची नसते. म्हणून त्याच्याही आदल्या दिवशी काइलाननं सगळं वाफवून ठेवलं. कणकेच्या पाकोळ्या केल्या, एकेका पाकोळीला काळ्या घेवड्याचे डोळे लावले, कात्रीनं पंख कातरले आणि बोरीच्या काटेरी फांदीवर खोचल्या. घरात लेकरू असेल तर आई या पाकोळ्या करते. तीन वर्षं तिनं केल्या नव्हत्या. रुनशंगनं फांदी उचलून खिडकीत ठेवली आणि लगेच बाहेर निघून गेला.

छिंगमिंगला उजाडताना आभाळ ढगाळ होतं. पाऊस पडणार नव्हता, नुसते ढग. लियूंकडून चौघं आले, खांद्यावर नवी पेटी घेऊन. बरोबर हू मावशी, आज तोंड मिटून. खणायला सुरुवात झाली तेव्हा एरबाओ फावडं घेऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं.

"तू नको. तुझ्या घरात..." रुनशंग म्हणाला.

"असू दे, काका."

माती कोरडी, सहज निघत होती. कमरेइतकं खणल्यावर पेटी लागली. स्वस्तातल्या पातळ फळ्या. तळ कुजला होता. दोर घालून उचलताना एका कोपऱ्याची फळी निखळली. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून काळी छत्री धरायची असते. ती धरायला कुणी पुढं होईना, तेव्हा एरबाओनं फावडं टाकलं आणि छत्री धरून पेटीबरोबर वाकून चालू लागला.

"थांबा," काइलान म्हणाली.

फळीच्या फटीतून बाही दिसत होती. कापूस भरलेल्या जाकिटाची, निळी, बारीक पांढऱ्या फुलांची. रंग उतरला होता, शिवण शाबूत होती. काइलाननं दोन बोटं आत घातली आणि बाहीचा काठ धरला. लहानपणी जत्रेच्या गर्दीत पोर आईची बाही धरते, तसाच. फक्त उलटा.

"आई चुकली गं," ती म्हणाली. "आई चुकली. त्याच दिवशी न्यायला पाहिजे होतं."

रुनशंग खड्ड्याच्या कडेला उभा होता. त्याच्या गळ्यातून कोरड्या विहिरीत दगड पडावा तसा आवाज निघाला. तो पुढं आला, तिच्या शेजारी मातीत बसला आणि तिची बोटं एकेक करून त्यानं सोडवली.

जुन्या पेटीसकट नव्या पेटीत ठेवलं. वरून फंगशियनची लाल रजई. मुलीच्या आईनं पाठवणीला बरोबर जायचं नसतं. चौघांनी पेटी उचलली, हू मावशी पुढं झाली, एरबाओ छत्री धरून डोंगराच्या माथ्यापर्यंत गेला. काइलान पाहत राहिली. लाल कापड चढावर बारीक होत गेलं, वळणावर एकदा दिसलं, मग नाही दिसलं.

खड्डा दोघांनी मिळून बुजवला. माती कमी पडली. बांधावरची ओढून घातली, पायानं दाबून सपाट केली. रुनशंग म्हणाला, उद्या वखर फिरवला तर काही कळणार नाही. आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन फावडं उचलून चालू लागला.

दुसरा दिवस काइलान झोपून होती. बटाट्यांना पाणी रुनशंगनं एकट्यानं घातलं.

तिसऱ्या दिवशी ती उठली. आधी अंगण झाडलं, मग कणीक मळली, लाटून बारीक शेवया कापल्या. शिरका, लसूण, भाजलेल्या मिरचीचं तेल. दोन अंडीही फोडली. दार सताड उघडं टाकून ती उंबऱ्याशी येऊन बसली. वाऱ्यानं माती घरात येत होती.

"दार लाव की," रुनशंग म्हणाला. "कोण येणार आहे?"

ती वाटेकडं बघत राहिली. मग त्यालाही उमजलं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवी नवरी माहेरी येते. तो फावडं ठेवून आत गेला, ओट्यावरची चटई त्यानं झटकली आणि भिंतीला टेकून बसून राहिला. शेतात गेला नाही.

शेवया गार झाल्या. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. काइलान उठून भांडी आवरायला लागणार, एवढ्यात उतारावर कुणीतरी दिसलं. ठेंगणी बाई, हातात टोपली, गुडघ्यापर्यंत पिवळी माती. दर दहा पावलांनी थांबत होती. फंगशियन. एकटीच.

ती अंगणात आली. टोपली खाली ठेवली, बाहीच्या टोकानं तोंड पुसलं. धापेनं तिला बोलता येईना.

"एवढा डोंगर चढून?" काइलान म्हणाली. "काय झालं? काही राहिलं का?"

"राहिलं काही नाही. दगड बसला. पूर्ण नाव घातलंय." फंगशियननं श्वास घेतला. "आज तिसरा दिवस ना. सुनेला वाट नवी. एकटी कशी पाठवणार? म्हटलं, सोबत जावं."

काइलान उंबऱ्यात उभी होती. दार अरुंद होतं, एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढं. ती भिंतीला पाठ लावून अगदी बाजूला सरकली, दोघींना आत येता यावं म्हणून.